एवढ्या बायकांचं मिळून काय निघालं?

दिवाळी झाली की आमच्या भागातल्या वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोड टोळ्या बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळा लागल्यावरच परततात. त्यामुळे बायकांची कुठलीही तपासणी करायची तर ती टोळ्या हलायच्या आत उरकावी लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी करणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

तपासणी साधी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कापसाच्या बोळ्यानं लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. पेशींत बिघाड असेल तर तिथं पांढरा डाग उमटतो. याला व्हीआयए म्हणतात. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथं. तरी बायका येत नाहीत, आणि त्यांच्या न येण्याला कारण आहे.

त्या दुपारी समाजमंदिरात बैठक ठेवली होती. आशाताईंनी घरोघर फिरून बायका जमवल्या होत्या. मी माहिती सांगून संपवली आणि एकीनं विचारलं, "पांढरं दिसलं की मंग पिशवी काढायचं सांगणार ना?"

हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो आणि मी तो कधी उडवून लावत नाही. 2019 साली शासनाच्या समितीसाठी शेजारच्या बीड जिल्ह्यात जी पाहणी झाली, तीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला "पुढं कॅन्सर होईल" असं सांगून तिची पिशवी काढून टाकल्याच्या कहाण्या आमच्या प्रत्येक वस्तीवर आहेत. कॅन्सर हा शब्द इथं भीती घालून ऑपरेशनला बसवण्यासाठी वापरला गेलाय. त्याच शब्दानं मी बोलवायला गेले तर बाई का येईल? म्हणून मी आधी तेच सांगते: पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. डाग दिसला तर तुकडा काढून तपासतात. बिघाड सुरुवातीचा असला तर तेवढाच भाग गोठवून, नाहीतर उष्णतेनं जाळून काढतात. पिशवी जागच्या जागी राहते आणि बाई त्याच दिवशी घरी येते.

मागच्या बाजूला भिंतीला टेकून एक म्हाताऱ्या आक्का बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "माझी झालीया तपासणी. पंचवीस वरसं झाली असतील. बार्शीचे लोक आलते गाडी घिऊन. माझा निकाल मला तवाच कळाला, चांगलं हाय म्हणले. पण मला एक सांग, एवढ्या गावच्या एवढ्या बायका तपासल्या, त्या सगळ्यांचं मिळून काय निघालं?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नोकरीत लागल्यावर कोणत्याही प्रशिक्षणातसुद्धा ऐकला नव्हता. आणि योगायोग असा की त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण त्या तपासणीवरचा संशोधन निबंध मी मुळातून वाचलेला होता.

समाजमंदिरात अंगणवाडी भरते, म्हणून फळा होता. मी खडू घेऊन चार चौकोन काढले.

ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हे काम सुरू झालं, असं मी सांगायला लागले. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, अशा तिघांनी मिळून ते केलं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण बाजार आणि दवाखाना म्हटलं की परंडा-भूमची माणसं तिकडंच जातात. कॅन्सरची खेड्यांतली नोंदणीही 1987 पासून तिथूनच चालते. गावागणिक कॅन्सरची नोंद ठेवायची घडी आधीपासून बसलेली होती, म्हणूनच एवढा मोठा अभ्यास या भागात करता आला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 गट पाडले आणि कोणत्या गटाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. पहिल्या चौकोनातल्या बायकांसाठी, हा कॅन्सर ज्याच्यामुळं होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी ठेवली. दुसऱ्यातल्यांचा पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर घेऊन बघणं. तिसऱ्यातल्यांची व्हीआयए, जी मी आज करायला आले तीच. चौथ्या चौकोनातल्या बायकांना आजाराची माहिती दिली, तपासणी केली नाही.

"मंग?" आक्का म्हणाल्या.

मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यात सापडला, कोण दगावलं. पहिल्या चौकोनात 34,126 बायका होत्या, चौथ्यात 31,488. म्हणजे साधारण सारख्याच. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं 34 जणी गेल्या. न तपासलेल्यांच्या गटात 64.

दोन्ही आकडे मी त्या त्या चौकोनात मोठे लिहिले. खाली बसलेल्या बायकांत कुजबूज सुरू झाली. टोळीचा हिशेब, उचल, टनाचा भाव हे सगळं या बायकांच्या बोटांवर असतं. टक्केवारी सांगायची मला गरज पडली नाही. "निम्म्या वाचल्या की," असं आशाताईंच्या शेजारची बाई म्हणाली. मी आणखी एक जोडी लिहिली. पुढच्या टप्प्यात जाऊन सापडलेले कॅन्सर: पहिल्या चौकोनात 39, चौथ्यात 82. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं एवढा फरक पडला होता. 2009 साली हे जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना सांगितलं की पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा. त्या सल्ल्यामागच्या पुराव्यांत तुमच्या जिल्ह्यातल्या या बायका आहेत, आक्का, त्यांत तुम्ही आहात.

आक्का काही बोलल्या नाहीत, पण सरकून पुढं येऊन बसल्या.

तेवढ्यात विशीतल्या एका सुनेनं हात वर केला. दहावी झालेली, नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाणारी. तिनं चौथ्या चौकोनाकडं बोट केलं. "या बायकांना का नाही तपासलं?"

इथं मला मुलायम उत्तर देता आलं असतं. मी ते दिलं नाही. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या काळी जिल्ह्यात कुणाचीच नेमानं तपासणी होत नव्हती. म्हणजे चौथ्या गटाला नेहमी मिळायचं तेवढंच मिळालं. आणि तुलनेला असा गट नसता तर कोणती तपासणी जीव वाचवते हे ठामपणे कळलं नसतं. याला आक्षेप घेणारेही होते. तपासणीनं फायदा होतो हे इतर देशांत दिसून आलेलं असताना एवढ्या बायकांना तपासणीविना ठेवणं अन्यायाचं होतं, असं त्यांचं म्हणणं. यावर पुढं बरीच वर्षं वाद झाला. मी दोन्ही बाजू जशा आहेत तशा सांगितल्या. मला स्वतःला काय वाटतं, तेही सांगितलं: या अभ्यासानं लाखो बायकांचं भलं होणार आहे हे खरं, आणि त्या 64 जणींचं ऋण आपल्यावर आहे हेही तेवढंच खरं. आपण ते फेडलेलं नाही.

"म्हंजी आता सगळ्यांस्नी पहिल्या चौकोनातली तपासणी मिळती," आक्का म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट तिथं पूर्ण होत होती. "आज तीच करणार ना तू?"

नाही, आक्का. मी तिसऱ्या चौकोनातली करणार आहे.

समाजमंदिरात नंतर जो गलका झाला त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. बायका चिडल्या आणि त्यांनी चिडायलाच पाहिजे होतं. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांवर जी तपासणी सिद्ध झाली, ती आपल्या उपकेंद्रावर नाही. सरकारी कार्यक्रमात गावपातळीवर आजही व्हीआयएच आहे, कारण ती स्वस्त आहे आणि कुठंही करता येते. कुणीतरी विचारलं, "मंग तिसऱ्या चौकोनात किती वाचल्या?" तेही सांगावं लागलं. त्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएनं मृत्यू ठामपणे कमी झाल्याचं दिसलं नाही.

खाली उतरलेले चेहरे बघून आशाताई माझ्याकडं पाहायला लागल्या. आता एकही बाई टेबलावर येणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. पण अर्धं सांगून थांबायचं नसतं. मी फळ्याच्या उरलेल्या जागेत मुंबई लिहिलं. टाटा रुग्णालयानंच मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर दुसरा अभ्यास केला होता. तिथं व्हीआयए करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं होतं. फरक एवढाच की तपासणी एकदा करून सोडली नाही. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. म्हणजे ही तपासणी निरुपयोगी नाही, ती परत परत करावी लागते. शेतात तण एकदा खुरपून भागत नाही, तसंच.

"हे आधी सांगायचं," ती सून म्हणाली. "मागच्या वर्षी शेजारच्या गावात झाली, तवा कुणी म्हणलं नाय की परत या म्हणून."

मग त्यांनी आपापसात बोलून अटी घातल्या. आत पुरुष नको. प्रत्येकीला निकाल कागदावर लिहून द्यायचा, कारण टोळी कुठल्या जिल्ह्यात पडेल ते माहीत नसतं आणि तिथल्या डॉक्टरला दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. आणि डाग निघालेल्या बाईची गावभर चर्चा होता कामा नये. तिन्ही अटी रास्त होत्या. खरं तर त्या आमच्या कामाच्या पद्धतीत आधीपासून असायला हव्या होत्या. दुपारनंतर उपकेंद्रात रांग लागली. आक्कांचं वय पासष्टच्या आतलं भरलं, म्हणून त्याही उभ्या राहिल्या. तेव्हाची तपासणी चांगली निघाली तरी तिला आता पंचवीस वर्षं उलटलीत, हे त्यांना पटलं होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही काम करत होतो आणि उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

एकीला डाग दिसला. पस्तिशीची, तीन लेकरांची आई. तिची टोळी त्याच आठवड्यात निघणार होती. तिला मी बाजूला बसवून सगळं समजावलं आणि लगेच जिल्ह्याला नेऊन तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट यायच्या आत ट्रॅक्टर निघाला. बिघाड कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यातला आहे हे आम्ही तिला फडावर फोन करून कळवलं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उपचाराला यायचं म्हणजे कोयत्यातली एक बाजू बंद, मुकादम खाडा लावणार आणि तो उचलीतून कापणार. ती तरी आली, एसटीनं रात्रभर प्रवास करून. नवरा सोबत होता. म्हणाला, "फळ्यावरचं बायकोनं सांगितलं मला. चौतीस आन चौसष्ट." उपचार झाला आणि दोन दिवसांनी ती परत फडावर गेली. दोन दिवसांनी कोयता हाती घेणं मला मान्य नव्हतं. जड काही उचलू नको, मोळ्या वाहू नको असं लिहून दिलं. ते कितपत पाळलं गेलं असेल, याची काळजी माझ्या मनातून गेलेली नाही.

मोठ्या संस्थांची माणसं आमच्या भागात अजूनही येतात. पाण्यातलं फ्लोराइड, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, ऊसतोड बायकांचं आरोग्य, मुलांचं कुपोषण. मराठवाड्यावर अभ्यास करण्यासारखं पुष्कळ आहे. प्रश्नावली भरून घ्यायला बहुतेक वेळा आमच्याच आशाताई मदतीला जातात. आता त्या संशोधकांना मी एकच विचारते: निष्कर्ष निघाल्यावर ते गावात येऊन मराठीत कधी सांगणार, त्याची तारीख अर्जावर लिहिता का? काहींनी लिहिली. ज्यांनी लिहिली त्यांना बायका उत्तरं मोकळेपणानं देतात, हे मी बघते आहे.

आक्कांनी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी विषय मांडला. एचपीव्ही तपासणीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही ते मान्य केलं आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. टेबलावर झोपायलाच नको म्हटल्यावर आजवर लाजेपोटी मागं राहिलेल्या बायकाही ग्रामसभेला आल्या. टीबीसाठी जी ट्रूनॅट यंत्रं आता तालुक्यांच्या ठिकाणी आली आहेत, त्यांच्यावर एचपीव्हीचीही चिप चालते. म्हणजे सगळंच नव्यानं उभारायचं आहे असंही नाही. चिपा, प्रशिक्षित हात आणि डाग निघालेल्या बाईच्या उपचाराची पक्की सोय, एवढं लागेल. ठराव त्या सुनेनं लिहिला: "या जिल्ह्यातल्या महिलांवर ज्या तपासणीचा उपयोग सिद्ध झाला, ती तपासणी या गावच्या उपकेंद्रात सुरू करण्यात यावी." खाली सह्या आणि अंगठे. त्याची प्रत मी माझ्या पत्रासोबत वर पाठवली. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. आसपासच्या गावांनी तोच मजकूर आपापल्या ग्रामसभेसाठी मागून नेला आहे, आणि टोळ्या परतल्या की कोणत्या वस्तीवर कुणाची फेरतपासणी करायची, ती यादी आशाताईंनी आत्ताच करून ठेवली आहे.