खांद्याला झेपेल अशी गिटार: ओचानोमिझुच्या उतारावर दोन शनिवार

साडेचार किलोची लेस पॉल गिटार दहा वर्षं खांद्यावर वागवली. शेवटी खांद्याने असहकार पुकारला, तेव्हा ठरवलं: पुढची गिटार साडेतीन किलोच्या आत, आणि शक्यतो जुन्या धाटणीची. ऑफिसच्या कामाला दोन आठवडे टोकियोत होतोच, मग दोन शनिवार तिथल्या ओचानोमिझु या गिटारींच्या बाजाराला दिले.

स्टेशनातून ओचानोमिझु पुलाच्या बाजूने बाहेर पडा आणि मेजी विद्यापीठाकडे उतरायला लागा. रस्ताभर गिटारीच गिटारी. उतार संपतो तिथे जिम्बोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू होतात. म्हणजे अप्पा बळवंत चौकाला लागून गिटारींची एक अख्खी पेठच. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, दुकानं अकराच्या सुमारास उघडतात.

किमतीच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा वजनही लिहिलेलं असतं, त्यामुळे निम्मी निवड तिथेच होते. मी मस्टँग या मॉडेलवर येऊन थांबलो. फेंडर या अमेरिकी कंपनीने ती १९६४ साली शिकाऊंसाठी काढली. बॉडी लहान, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४ इंच (फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरचं साडेपंचवीस), त्यामुळे तारा जरा सैल लागतात आणि बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, सहज होतो. साठच्या दशकातल्या अस्सल मस्टँगचा मोह मी टाळला. किंमत तर आहेच, पण त्या काळच्या काही फेंडरवर ब्राझिलियन रोझवूडचा फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) असतो आणि १९९२ पासून ते लाकूड परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. फेंडर जपानची सुरुवात १९८२ची. त्यांच्या जुन्या नमुन्यावर बेतलेल्या, बासवूड या लाकडाच्या मस्टँग इथे वापरलेल्या मिळतात आणि माझ्या मते काम उत्तम असतं.

पहिल्या शनिवारी एक निळी आवडली होती. म्हटलं, आठवडाभर विचार करू. दुसऱ्या शनिवारी भिंतीवर तिचा नुसता हूक. तेव्हा आवडली तर घ्या.

मग सापडली एक पांढरी, वार्निश पिवळसर पडलेलं, ३.१५ किलो, ९० हजार येनच्या आत. वाजवून बघायचं तर ‘शिसो देकिमास् का?’ एवढं विचारा. स्वतः हुकावरून काढू नका, दुकानदार सुरात लावून हातात देतो. आधी अॅम्पविना (ध्वनिवर्धकाविना) वाजवा. पट्टा मागून घ्या आणि पंधरा मिनिटं उभं राहा, वजन बसून कळत नाही. फ्रेट (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारा) किती झिजलेत ते खिडकीच्या उजेडात पाहा. मस्टँगच्या दोन सरकत्या स्विचांनी घाबरू नका. त्यांनी दोन्ही पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) एकमेकांच्या उलट फेजमध्ये टाकले की आवाज पातळ, नाकातला येतो. तो बिघाड नव्हे. विजेमुळे येणारी गुणगुण मात्र ऐकून घ्या. टोकियोतही ५० हर्ट्झ, पुण्यातही, म्हणजे घरी त्याच सुरात ऐकायची आहे. अॅम्प तिथून आणू नका, त्यांची वीज १०० व्होल्टची.

नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा, बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईचा (ट्रस रॉडचा) नट नेकच्या बुडाशी असतो, म्हणजे तो फिरवायला नेक सोडवावा लागतो. पुण्याच्या पावसाळ्यात ही वेळ येणारच, तेव्हा नेक सरळ आहे का ते तिथेच, कडेने एक डोळा मिटून बघा.

पासपोर्ट जवळ ठेवा. पर्यटकांना १० टक्के कर बऱ्याच दुकानांत तिथेच माफ होतो. नोव्हेंबर २०२६ पासून आधी भरून विमानतळावर परत घ्यायचा आहे. पावती जपा, कस्टमला लागते.

आणायचं कसं? चार स्क्रू काढले की नेक वेगळा होतो. तारा सोडून दोन्ही भाग स्वेटरांत गुंडाळले आणि मोठ्या सुटकेसमध्ये तिरके बसवले. स्क्रू डबीत घालून जवळच्या बॅगेत ठेवा. माझा एक घरी पोचल्यावर बुटात सापडला.