आबाजींचं मेडल आन् पाच रुपयाचं नाणं

परवा बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर चहाचे दहा देऊन वीसची नोट मोडली तर परत आलेल्या चिल्लरमध्ये तेच पिवळं पाचचं नाणं निघालं, अमर जवानचं, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची पानं. 2015 ला, 1965 च्या युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा काढलेलं. माझ्याकडचं हे सहावं. पण प्रत्येक वेळी हात थांबतोच.

कारण आमचे आबाजी त्या युद्धात होते. मिल्ट्रीचा ट्रक चालवायचे. लढाईचं विचारलं की एवढंच, "टरक चालवला बा, अजून काय सांगू." नंतर गावात येऊन कापूस-तूर केली, रक्षा मेडल मात्र आजीच्या लुगड्याच्या घडीत ठेवलेलं. त्या मेडलच्या बाजूला ठेवावं म्हणून मी पहिलं नाणं उचललं, तिथून नाद लागला.

ते पहिलं नाणं मी खराब केलं, याचं अजून वाईट वाटते. काळं पडलं होतं म्हणून चिंच-मीठ लावून घासलं, चमकलं, मंग चार दिवसांत तांबूस आन् निस्तेज झालं. पितळेतलं जस्त आंबटानं निघून जाते हे नंतर समजलं. म्हणून सांगतो, जुनं नाणं घासू नका, कोमट पाण्यात साबणानं धुवा, मऊ कापडानं टिपा, बस. कडेला धरा, बोटाचा घाम लागू देऊ नका.

आता मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून सालाखाली पाहतो. पत्त्यातल्यासारखी चौकट असली तर मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता.

सगळी स्मारक नाणी अशी हातात येत नाहीत. नेताजींनी 30 डिसेंबर 1943 ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला, त्याच्या 75 वर्षांनिमित्त 2018 ला 75 रुपयाचं नाणं काढलं, 35 ग्रॅमचं, निम्मी चांदी, मागं सेल्युलर जेल आन् नेताजी सॅल्यूट करताना. ते टांकसाळीतून बुकिंग करून घ्यावं लागलं, बाजारात चिल्लर म्हणून कोणी देणार नाही. सुंदर आहे, मला पण पाहिजे. पण पाचच्या नाण्यानं किराणा घेतला असते, एसटीचं तिकीट काढलं असते, ते मला जास्त जवळचं वाटते.

आन् ते व्हॉट्सॲपवर फिरते ना, अमुक नाणं द्या लाखो रुपये घ्या, आधी फी भरा, त्यात पडू नका. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच सांगितलं होतं की आमच्या नावानं कोणी जुनी नाणी-नोटा घेत असंल तर आमचा संबंध नाही. आमच्याकडचे एक काका पैसे भरून बसले, मिळालं काहीच नाही.

परवाचं नाणं धुवून सुकवलंय, टिंब आहे, नोएडाचं. पोरगी विचारते, याच्यावर आबाजी कुठं आहेत. उलट्या बंदुकीवरचं हेल्मेट दाखवलं तिला.