स्लॅबचा दिवस: साइट सांभाळतानाचा माझा अनुभव

प्रोजेक्ट मॅनेजरला काय काय यायला हवं, असं कुणी विचारलं की मी त्याला एक स्लॅब सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंगावर घ्यायला सांगतो. हिशेब, ड्रॉइंग, माणसं, कागद, सगळं त्यात एकदम लागतं.

आधी हिशेब. 400 चौरस मीटरचा, 125 मि.मी. जाडीचा स्लॅब म्हणजे 50 घनमीटर काँक्रीट. खाली उतरणाऱ्या बीमचे 22 धरा. एकूण 72, म्हणजे 6 घनमीटरच्या 12 गाड्या. पण मी पक्की ऑर्डर 10 गाड्यांचीच देतो. दहावी रिकामी होत आली की उरलेला भाग टेपने मोजायचा, मगच शेवटचा आकडा काँक्रीट बनवून पाठवणाऱ्या प्लँटला कळवायचा. सेंटरिंग, म्हणजे स्लॅब पेलणारा तात्पुरता साचा, खाली बसलं आणि जाडी 5 मि.मी. वाढली, तरी 2 घनमीटर माल जास्त जातो. त्याखालचे टेके मातीवर उभे असतील तर प्रत्येकाखाली फळी आहे का, हे मी स्वतः वाकून बघतो.

आदल्या संध्याकाळी सळई. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा तो बाल्कनीवर. बाल्कनी बाहेर लोंबकळते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. मजूर तिच्यावरून पाट्या घेऊन चालतात आणि ती दबते. 125 मि.मी. स्लॅबमध्ये 20 मि.मी. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सोडून 10 मि.मी.ची सळई बांधली, तर तळापासून तिच्या मध्यापर्यंत 100 मि.मी. मिळतात. ती 30 मि.मी. दबली की उरले 70. ताकद जवळपास तीस टक्क्यांनी गेली, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून वरची सळई उचलून धरणाऱ्या चेअर मीटरभराच्या आत, वर चालायला फळ्या, आणि भरताना तिथे एक फिटर उभा. इलेक्ट्रिकचे पाइप आणि प्लंबिंगच्या स्लीव्हही (पाइप जाण्यासाठी सोडलेली नळकांडी) त्याच संध्याकाळी तपासायच्या. राहिलेली स्लीव्ह म्हणजे पुढे कोअर कटिंग, तयार स्लॅबला मशीनने भोक पाडणं.

भरायच्या दिवशी खरी परीक्षा गाड्यांच्या अंतराची. पंपावर एक गाडी 15 ते 20 मिनिटांत रिकामी होते. प्लँटमध्ये माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरवायचा असतो. एकदम चार गाड्या आल्या तर उन्हात माल घट्ट होतो, तास दीड तास एकही आली नाही तर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या मालातला न जुळलेला सांधा) पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात नेमकं तिथेच गळतं. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असलेल्या शहरात ही वेळ आधीच आखावी लागते. पंप बंद पडला तर कुठे थांबायचं, हेही आधीच ठरवून ठेवायचं: दोन आधारांमधल्या गाळ्याच्या मधल्या एक-तृतीयांश भागात, आधाराजवळ कधीच नाही.

माल घट्ट आला की हाक येतेच, “साहेब, थोडं पाणी मारू का?” इथे ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि का ते मुकादमाला पटवताही आलं पाहिजे. घनमीटरला 320 किलो सिमेंट, म्हणजे गाडीत 1920 किलो. त्यात 100 लिटर पाणी ओतलं की 0.45 चं पाणी-सिमेंट प्रमाण 0.50 वर जातं. पाण्याऐवजी प्लँटच्या माणसाकडून अॅडमिक्श्चरचा, म्हणजे माल पातळ करणाऱ्या रसायनाचा, डोस घ्यायचा, ड्रम नीट फिरवायचा, स्लम्प (माल किती पातळ आहे याची चाचणी) परत घ्यायचा. दोन तास उलटले असतील तर गाडी परत. चलानवर वेळ लिहिलेली असते, तिच्यावर वाद होत नाही.

माल दाबून बसवणारे व्हायब्रेटर दोन चालू, एक जादा. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस 456 प्रमाणे, 72 घनमीटरला 5 नमुने, प्रत्येकी 3 क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे. 7 दिवसांच्या ताकदीचा अंदाज हवा असेल तर जास्तीचे. क्यूबवर तारीख आणि गाडी नंबर तिथल्या तिथे टाकावा, दुसऱ्या दिवशी सगळे ठोकळे सारखेच दिसतात.

मग स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं. पीपीसी (फ्लाय अॅशसारखी भर घातलेलं सिमेंट) असेल तर किमान 10 दिवस, मी 14 धरतो. पाचव्या दिवसापासून सेंटरिंगवाल्याचे फोन सुरू होतात, त्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके 7 दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14. पीपीसीला त्याहून जास्त. ही तारीख मी ऑर्डर देतानाच त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेतो.