गॅरेजसाठी पार्ट धुण्याचे यंत्र निवडताना

तासगावात नवे गॅरेज उघडणाऱ्या माझ्या भाच्याने परवा विचारले, "मामा, पार्ट धुवायला किती लिटरचं मशीन घेऊ?" प्रश्न स्वाभाविक होता, परंतु लिटरचा आकडा या निवडीत सर्वांत शेवटी येतो. आपल्याकडे कोणत्या धातूचे भाग येतात, त्यांवर कसला मळ असतो आणि धुतल्यानंतर तो भाग पुढे कोठे बसणार आहे, हे आधी ठरले की यंत्राची जात जवळजवळ आपोआप ठरते. त्याला फोनवर जे तुटक सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या भागात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे हब आणि गिअरबॉक्स येतात, द्राक्षबागांत चालणारे छोटे ट्रॅक्टर येतात आणि दुचाक्या तर वर्षभर येतच असतात. हबवरचा मळ म्हणजे ग्रीसमध्ये मुरलेली माती, तर पिस्टनच्या माथ्यावरचा मळ म्हणजे भाजून घट्ट झालेला कार्बन. पहिला मळ उष्णतेने मऊ होतो किंवा रॉकेलमध्ये विरघळतो. दुसऱ्यावर रॉकेलचा फारसा परिणाम होत नाही, तो केवळ ओला होतो. शिवाय ट्रॅक्टरचे बरेचसे जड भाग बिडाचे असतात, तर दुचाकीचे हेड, क्रँककेस आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. हा फरक ध्यानात न घेता घेतलेले महागडे यंत्रही कोपऱ्यात पडून राहते.

बहुतेक ठिकाणी आजही पत्र्याचा ट्रे, ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल एवढ्यावर काम भागवले जाते. थोड्या कामाला ही पद्धत वाईट नाही, मात्र पेट्रोल त्यात कधीही वापरू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या हवेत ते सदैव पेटण्याच्या तयारीत असते. रॉकेलसाठी भारतीय मानकाने ही मर्यादा किमान ३५ अंश ठेवली आहे, म्हणून ते सुरक्षित वाटते. पण मे महिन्यात सांगलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्या वर जातो आणि तेव्हा शेजारी वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असेल तर रॉकेललाही तोच नियम लागू होतो. (रेशनचे निळे रॉकेल गॅरेजमध्ये वापरणे हा गुन्हा आहे, हे वेगळे.)

याच पद्धतीचे सुधारलेले रूप म्हणजे ड्रमवर बसवलेले सिंक. खालच्या ड्रममधील द्रावण छोटा पंप वर ओढतो, ते ब्रशमधून भागावर पडते आणि गाळणीतून पुन्हा ड्रममध्ये उतरते. हे घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, झाकण उघडे धरणाऱ्या दांडीत उष्णतेने वितळणारा दुवा आहे का; आग लागताच तो वितळून झाकण आपोआप खाली पडले पाहिजे. दुसरी, ड्रमच्या तळाशी गाळ साठायला पुरेशी जागा सोडून पंपाचे तोंड वर ठेवले आहे का. २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या भागांतून आलेल्या इंजिनांत बारीक गाळ भरलेला होता. असा गाळ द्रावणात मुळीच विरघळत नाही, तो केवळ पंप चोंदवतो. असे भाग आधी साध्या पाण्याने धुऊन, मगच सिंकमध्ये न्यावेत.

काम जास्त असेल तर गरम पाण्याच्या कॅबिनेट वॉशरला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद पेटीत भाग फिरत्या चाळणीवर ठेवायचे, चहूबाजूंच्या नोझलमधून साधारण ६० ते ८० अंशांचे क्षारयुक्त द्रावण जोराने मारायचे आणि माणसाने तेवढ्या वेळात दुसरे काम करायचे. यात विजेचा हिशेब मात्र आधी करावा. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ४.७ युनिट वीज लागते. ६ किलोवॉटचा हीटर असेल तर पाऊण तास, आणि टाकीच्या पत्र्यातून निघून जाणारी उष्णता धरली तर तासाभराच्या आसपास. हाच हीटर सिंगल फेजवर लावला तर तो सुमारे २६ अँपिअर ओढतो, म्हणजे थ्री फेज जोडणी नसलेल्या गाळ्यात हे यंत्र शोभेचेच ठरेल. विक्रेते लिटर सांगतात, किलोवॉट विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरचे पाणी जड असेल तर हीटरवर क्षारांचा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो आणि एक दिवस हीटर जळतो. त्यामुळे शक्यतो नळाचे पाणी वापरावे आणि हीटर न कापता बाहेर काढता येतो का, ते पाहावे. पावडर कमी फेसाचीच हवी, नाहीतर फेस पंपात शिरून दाब पडतो. कॉस्टिक सोडा असलेली पावडर बिडाच्या भागांना चालते. ॲल्युमिनियमला मात्र तो अक्षरशः खातो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि हेडचा पृष्ठभाग काळा व खडबडीत होतो. दोन्ही प्रकारचे भाग येत असतील तर ॲल्युमिनियमला चालणारी सौम्य पावडर घ्यावी आणि थोडा वेळ जास्त द्यावा. बिडाचे भाग गरम असतानाच बाहेर काढून हवेने सुकवावेत व लगेच तेलाचा हात द्यावा, अन्यथा संध्याकाळपर्यंत त्यांवर तांबूस गंज दिसू लागतो.

अल्ट्रासोनिक यंत्राविषयी आजकाल फार बोलले जाते. साधारण ४० किलोहर्ट्झच्या कंपनांनी द्रावणात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही अशा छिद्रांतील मळ निघतो. कार्बोरेटर आणि त्याच्या जेटसाठी हे उत्तम आहे. ट्रॅक्टरच्या हबसाठी नाही, कारण जाड ग्रीस कंपने शोषून घेते. भाग नेहमी जाळीत टांगावेत, तळावर ठेवू नयेत, आणि टाकीत पेट्रोल किंवा थिनर कदापि ओतू नये. खरेदीच्या वेळी ॲल्युमिनियमचा पातळ फॉइल अर्धा मिनिट द्रावणात धरून पाहावा. सगळीकडे सारखी छिद्रे पडली तर यंत्र ठीक आहे. एकाच कोपऱ्यात पडली तर बाकीचा भाग मुकाच आहे.

बेअरिंग, ऑइल सील आणि ब्रेकचे भाग या कोणत्याही यंत्रात सरसकट टाकू नयेत. रॉकेल-डिझेलमध्ये पडून राहिलेले रबर फुगू शकते. ब्रेकच्या भागांवर तेलाचा अंशही चालत नाही, तेथे ब्रेक क्लीनरच वापरावा. बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवण्याची हौस तर अनेक हेल्परांना असते. कोरड्या बेअरिंगची ती नासाडी आहे आणि ते फुटले तर इजाही होते. गास्केट सिलिकॉनने बसवायची असेल तर रॉकेलचा चिकट थर पूर्ण पुसल्याशिवाय ते धरत नाही, हेही येथेच नोंदवतो.

राहता राहिला घाण द्रावणाचा प्रश्न, जो यंत्राच्या किमतीत कोणी धरत नाही. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. गटारात सोडले तर ते ओढ्या-नाल्यांतून अखेर नदीलाच मिळणार. पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढण्याची सोय, म्हणजे ऑइल स्किमर, असलेले कॅबिनेट घेतले तर द्रावण अधिक काळ टिकते आणि टाकून द्यायचा माल कमी होतो. भाच्याला मी सध्या ड्रमचे सिंक आणि कार्बोरेटरपुरते छोटे अल्ट्रासोनिक एवढेच घ्यायला सांगितले आहे. ट्रॅक्टरची कामे वाढली आणि थ्री फेज मिळाले की कॅबिनेट पाहू. तेव्हा विक्रेत्याकडे जाताना त्याने आपल्या गॅरेजमधला सर्वांत मळका हब सोबत न्यावा आणि तो डोळ्यांसमोर धुऊन दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.