तिवराच्या अर्कातले मीठ

रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतून वनविभागाच्या परवानगीने आणलेली तिवराची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडाची, पाने प्रयोगशाळेत सावलीत वाळत घातली, तेव्हाच त्यांच्यावर मिठाचे बारीक कण चमकताना मी पाहिले होते. तिवर बरेचसे मीठ मुळांपाशीच रोखतो आणि तरीही आत शिरलेले पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. परंतु प्रयोगाची आखणी करताना मी ते विचारात घेतले नव्हते.

एम.एस्सी.ची माझी विद्यार्थिनी या पानांच्या पाण्यातील अर्काची दोन जिवाणूंवर चाचणी घेत होती: इ. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नळ्यांमधील अर्काचे प्रमाण दर मिलिलिटरला 200 मिलिग्रॅमपासून निम्म्यानिम्म्याने उतरत गेले होते. अर्क गडद असल्यामुळे वाढीचा गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून आम्ही टीटीसी हे रंगहीन रसायन घालतो. जिवंत जिवाणू त्याला लाल रंग आणतात. 24 तासांनी सर्वांत तीव्र अर्काची इ. कोलायची नळी लाल झाली नाही. "मॅडम, इ. कोलाय थांबला!" असे ती आनंदाने म्हणाली, आणि तो आनंद मलाही झाला.

मग माझी नजर शेजारच्या नळीवर गेली. स्टॅफिलोकॉकसची तितक्याच तीव्र अर्काची नळी लालभडक होती. वनस्पतींच्या अर्कांचा नेहमीचा अनुभव याच्या उलट असतो, कारण इ. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाह्यपटलाचे जास्तीचे कवच असते आणि पुष्कळ संयुगे तिथेच अडतात. जे कवचधारी जिवाणूला थांबवते आणि स्टॅफिलोकॉकसला मोकळे सोडते असे काय असावे, याचे उत्तर आमच्या फ्रीजमध्येच होते: स्टॅफिलोकॉकस वेगळा काढण्यासाठी आम्ही मॅनिटॉल सॉल्ट अगार हे जे वाढमाध्यम वापरतो, त्यात 7.5 टक्के मीठ असते, आणि ते स्टॅफिलोकॉकस सोसतो.

वाळवलेला अर्क मुशीत घालून आम्ही मफल भट्टीत जाळला. 200 मिलिग्रॅममागे सुमारे 80 मिलिग्रॅम पांढरट राख उरली, म्हणजे त्या नळीत 8 टक्क्यांच्या आसपास क्षार होते. राख सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकताच दह्यासारखा पांढरा साका खाली बसला, म्हणजे मिठातले क्लोराइड तिथे होते. दुसऱ्या दिवशी साध्या मिठाच्या 8 टक्के द्रावणातही इ. कोलाय वाढला नव्हता आणि स्टॅफिलोकॉकस वाढला होता. न रंगलेल्या नळीतला थेंब साध्या अगारवर पसरल्यावर इ. कोलायच्या वसाहती पुन्हा उगवल्या. तो मेला नव्हता, खारेपणाने फक्त थबकला होता.

विद्यार्थिनीचा चेहरा उतरला, कारण तिने पोस्टरचे शीर्षकसुद्धा ठरवले होते. मी तिला सांगितले की खाजणातल्या झाडांच्या अर्कासोबत नुसते द्रावक तपासणे पुरेसे नाही, तितकेच मीठ असलेली नळीही शेजारी हवी. आणि हे मी तिला आधीच सांगायला हवे होते. तिवरात फ्लॅव्होनॉइड, ट्रायटरपीन आणि नॅफ्थोक्विनोन वर्गातील, जिवाणूंना रोखू शकणारी संयुगे असतात, त्यामुळे शोध सोडून देण्याचे कारण नव्हते.

पुढच्या आठवड्यात तिने अर्क पाणी आणि त्यावर तरंगणारे इथाइल ॲसिटेट हे द्रावक यांत घुसळून वेगळा केला. मीठ पाण्याच्या थरात राहिले. वरचा थर सुकवून उरलेला हिरवट-तपकिरी चिकट अंश तिने पुन्हा नळ्यांमध्ये लावला, या वेळी शेजारी मिठाची आणि द्रावकाची अशा दोन्ही नळ्या ठेवून. सकाळी इ. कोलायच्या सगळ्या नळ्या लाल होत्या. रंगली नव्हती ती स्टॅफिलोकॉकसची, सर्वांत तीव्र अंशाची एकच नळी.