विवाह अधिकाऱ्यांच्या टेबलाशेजारून

"गळ्यात तुळशीची माळ घालता आणि असल्या लग्नांची बाजू घेता?" आमच्या भजनी मंडळातल्या एका वहिनींनी मला सगळ्यांसमोर विचारलं. एकादशीचा फराळ चालला होता, त्यामुळे भगरीचा घास तोंडात होता आणि उत्तर द्यायला जरा उशीर झाला. तेवढ्यात विषय आळंदीच्या गाडीभाड्यावर गेला. ‘असली लग्नं’ म्हणजे दोन बायकांची किंवा दोन पुरुषांची लग्नं. तर उत्तर इथे देते.

मी नोंदणी खात्यात लिपिक होते. निवृत्तीआधीची वर्षं विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते तिथे होतं, कोर्टाचा त्यात काडीचा संबंध नसतो. आधी नोटीस द्यायची, ती तीस दिवस फलकावर राहते. मग तीन साक्षीदार घेऊन यायचं आणि एकमेकांना सांगायचं की मी अमुक, तुला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारते. हे वाक्य दोघांना कळेल त्या भाषेत म्हटलं तरी चालतं. पाच मिनिटांचं काम. पोरगी मुसलमान, पोरगा मराठा, दोघांच्या घरचं कोणी नाही आणि साक्षीला ऐनवेळी मित्राचा रिक्षावाला भाऊ, अशीही लग्नं माझ्या टेबलावरून गेली. नंतर पेढ्याचा एक पुडा फायलींवर ठेवून ती जोडपी जात. धर्माने ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांना सरकारने खुर्ची दिली, एवढाच त्या खोलीचा अर्थ.

ही खुर्चीही एका दिवसात मिळालेली नाही. 1872 साली ब्राह्मो समाजाच्या मागणीतून पहिला कायदा आला, तेव्हा लग्न करणाऱ्यांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म मानत नाही. म्हणजे लग्न हवं तर देव सोडा! 1923 मध्ये कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती ती अट गेली. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने ती सगळ्यांसाठीच गेली. आता कोणीही आपला देव जवळ ठेवून तिथे सही करू शकतो. कोणीही म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. मुलगा 21 चा, मुलगी 18 ची.

माझी भाची आणि तिची जोडीदार पुण्यात एकत्र राहतात. दोघी नोकरी करतात, गणपती बसवतात, भांडतातही भरपूर. फ्लॅट जोडीदाराच्या नावावर आहे, कारण घेताना कर्ज तिच्या पगारावर मिळालं. हप्ते दोघींनी भरले. कर्ज फिटल्यावर अर्धा हिस्सा भाचीच्या नावावर करायचं ठरलं आणि खात्यातली मावशी म्हणून फोन मला आला.

आता गंमत बघा. राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा आईने मुलाला बक्षीसपत्राने, म्हणजे पैसे न घेता भेट म्हणून, दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. हेच घर त्रयस्थाला दिलं तर बाजारमूल्यावर विक्रीखताच्या दराने शुल्क, म्हणजे लाखांत. वर प्राप्तिकर आहेच. नातेवाईक नसलेल्याकडून 50,000 च्या वरची मिळकत भेट आली की ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. कायद्याच्या लेखी भाची ही त्रयस्थ. जिच्या बीपीच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत, तिची त्रयस्थ. (प्राप्तिकराच्या याच तरतुदीला एका जोडप्याने 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे.)

समलिंगी विवाहांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 17 ऑक्टोबर 2023 चा निकाल मी दूरदर्शनसमोर बसून ऐकला. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात आम्ही बदल करणार नाही, ते काम संसदेचं, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारने मान्यता द्यायला हवी असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले, पण तिघांनी ते मानलं नाही. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. दरम्यान 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं काढता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल आणि रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून नाव लागेल. चांगलंच झालं. पण रेशनकार्ड मिळालं म्हणजे वारस झालात असं नाही.

सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत सरकारचं म्हणणं होतं की अशा लग्नांना मान्यता दिली तर वेगवेगळ्या कायद्यांतल्या 160 तरतुदींवर परिणाम होईल. असेल. लिपिकाला विचाराल तर रकाने बदलणं हेच सरकारचं रोजचं काम आहे. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं हा निर्णय महाराष्ट्राने घेतलाच की. आभाळ कोसळलं नाही, नमुने नवे छापले.

आता वहिनी, तुमच्या माळेच्या प्रश्नाबद्दल. ज्ञानेश्वरीत दोन बायकांच्या लग्नाबद्दल काही नाही आणि मी कुठलीही ओवी ओढूनताणून आणणार नाही. तुम्हाला ते पटत नसेल तर तुमच्या घरी अशा लग्नाच्या अक्षता वाटू नका, कोणी जबरदस्ती केलेली नाही. आमच्याकडची एक वसईची ख्रिस्ती सहकारी सांगायची, पोप फ्रान्सिस यांच्या काळात, डिसेंबर 2023 मध्ये, व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा धर्मगुरूंना दिली, पण याला लग्न म्हणायचं नाही असंही बजावलं. ठीक आहे, तो त्यांचा प्रश्न. आशीर्वाद कोणाला द्यायचा ते त्यांनी ठरवावं. मुद्रांक शुल्क कोणाकडून किती घ्यायचं हे मात्र पोपही ठरवत नाही आणि आपलं मंडळही नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. विधवाविवाहाचा कायदा 1856 पासून होता. गाव रागावलं म्हणून ते लग्न बेकायदा ठरलं नाही, हा कायद्याचा उपयोग.

दोघींनी शेवटी बक्षीसपत्राचा नाद सोडून मृत्युपत्रं केली. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि ते कोणाच्याही नावे करता येतं, नातं असो वा नसो. अशी जोडी असलेल्या वाचकांना खात्यातली बाई म्हणून सांगते: नॉमिनी नक्की लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्रही करा आणि ते नोंदवून घ्या. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे उद्या एखादा भाऊ उगवला तर शुद्धीत नव्हती असं म्हणता येणार नाही. साक्षीदार दोन लागतात, ते शक्यतो आपल्यापेक्षा तरुण घ्या, साठी उलटलेली मावशी घेऊ नका. हे मी भाचीलाही सांगितलं होतं, पण तिने ऐकलं नाही.