वर्तुळ नको, वेळ मोजा

किशोरवयीन आणि तरुणांसाठी आरोग्यसेवा आखताना बहुतेक नकाशांवर एकच गोष्ट दिसते: प्रत्येक केंद्राभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ. वस्ती आत आली की तिथे सेवा पोहोचली असं धरायचं. मध्ये नदी आहे आणि पूल बराच लांब आहे, हे वर्तुळाला कळत नाही.

त्यापेक्षा प्रवासाचा वेळ काढा. नकाशे बनवण्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेचं साधन अ‍ॅक्सेसमॉड चढउतार, नद्या आणि जमिनीचं स्वरूप धरून वेळेचा हिशेब करतं. वेग मात्र आपण भरायचा असतो आणि घोळ तिथेच होतो, कारण सर्रास मोटारीचा वेग भरला जातो. पंधरा वर्षांची मुलगी चालत नाहीतर बसने येणार. सपाटीवर ताशी ४ ते ५ किलोमीटर धरा, बसची वाट पाहण्याचा वेळ वेगळा मिळवा. केंद्रांच्या तक्त्यात उघडण्या-बंद होण्याच्या वेळांचा रकाना हवाच. शाळा सुटल्यावर उघडी असणारी केंद्रं तेवढी गाळून नकाशा पुन्हा काढला, की खरी पोकळी दिसते.

सेवा किती जणांपर्यंत पोहोचते याचं प्रमाण काढताना भागायचं कोणत्या लोकसंख्येने, हेही नीट ठरवा. एकूण लोकसंख्या इथे कामाची नाही. १०–१९ की १५–२४, वयोगट आधी पक्का करा. वर्ल्डपॉपच्या जाळीत, म्हणजे चौकोनाचौकोनात लोकसंख्येचा अंदाज देणाऱ्या नकाशात, पाच-पाच वर्षांचे गट मिळतात. वसतिगृहातल्या मुलांची नोंद पुष्कळदा घरच्या पत्त्यावर असते, ती हाताने तपासावी लागते.

केंद्रांचे बिंदू समुद्रात पडले तर बहुधा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते. अंतर मोजण्याआधी नकाशाचे थर मीटरमधल्या स्थानिक प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत), उदाहरणार्थ यूटीएममध्ये, आणा. ऑनलाइन नकाशांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब मर्केटर प्रक्षेपणावर ६० अंश अक्षांशाला अंतर दुप्पट भरतं.

गोपनीयतेबाबत मात्र अजिबात सूट नको. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर चार अंक म्हणजे सुमारे ११ मीटर, म्हणजे थेट घर. गर्भनिरोधक किंवा एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या मुलीचा बिंदू नकाशावर ठेवणं म्हणजे तिला उघडं पाडणं. नोंदी षटकोनी जाळीत गोळा करा आणि पाचपेक्षा कमी आकडा झाका. एवढं करूनही एकूण बेरीज छापली, तर साध्या वजाबाकीने झाकलेला आकडा बाहेर येतो. म्हणून बेरीज द्यायचीच असेल, तर आणखी एक षटकोन झाकावा.